मेंदूतले कोतवाल आणि त्यांचा माग काढणारे

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण ज्याने कोणी प्रथम उच्चारली, त्याच्या घरी एखादे म्हातारे माणूस खचितच असले पाहिजे. आजोबा जेवून उठतात आणि घटकाभराने ‘आज पाने वाढणार की नाही?’ म्हणून विचारतात. आजी पोटच्या मुलीकडे पाहून ‘तू कुणाची ग?’ म्हणते. आपल्याकडे ह्याला म्हातारचळ म्हणून सोडून देण्याची चाल आहे. केस पिकतात, दात पडतात, तशीच बुद्धीही जाते, असा समज. पण नव्वदी गाठूनही नातवंडांचे पाढे तपासणारे आजोबा आपण पाहतोच. तेव्हा बुद्धी जाते ती नुसत्या वयाने नव्हे. तिला रोग लागतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीवरून आपल्या देशात साठीच्या पुढील माणसांत शेकडा ७.४, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश असावा असा अंदाज निघाला. त्या रोगाच्या मुळाशी मेंदूतला एक प्रकारचा दाह आहे काय, ह्या एका प्रश्नापायी ज्यांनी आपली उमेदीची वर्षे घातली, अशा काही संशोधकांची हकिगत सांगावी म्हणून हा लेख.

दाह म्हणजे काय हे आपणांस ठाऊक आहे. पायात काटा मोडला की ती जागा लाल होते, सुजते, ऊन लागते, ठणकते. शरीराचे शिपाई तेथे धावून आले, ह्याची ती खूण. मेंदू मात्र कवटीच्या बंद वाड्यात बसलेला. तेथे ना लाली दिसत, ना ठणका लागत. त्यामुळे मेंदूला असला दाह होत असेल ही गोष्टच पुष्कळ दिवस कोणाच्या ध्यानात आली नाही.

ज्यांच्या नावाने हा रोग आज ओळखला जातो ते डॉ. आलॉइस आल्त्सहायमर (इंग्रजी वळणाने अल्झायमर) फ्रँकफुर्टच्या वेड्यांच्या इस्पितळात काम करीत. १९०१ च्या नोव्हेंबरात ५१ वर्षांची एक बाई तेथे दाखल झाली. तिला स्वतःचे नाव लिहिता येईना, नवऱ्याविषयी नाही नाही ते संशय येत. १९०६ च्या एप्रिलात ती वारली, तेव्हा डॉक्टर म्यूनिकला होते. तेथे तर ते पगाराविनाच राबत. पत्नीच्या मागे राहिलेल्या पैशावर त्यांचे भागे. त्यांनी त्या बाईचा मेंदू मागवून घेतला, त्याचे पापुद्र्यासारखे काप काढून रंगविले आणि ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्यूबिंगेन येथील सभेत आपला शोध सांगितला. मज्जापेशींबाहेर साचलेली किटाळे आणि पेशींच्या आत पडलेला धाग्यांचा गुंता ह्या दोन गोष्टी त्या दिवसापासून पाठ्यपुस्तकांत जाऊन बसल्या. तिसरी एक गोष्ट त्यांनी पाहिली होती. मज्जापेशींना आधार देणाऱ्या ज्या ‘ग्लिया’ नावाच्या पेशी, त्यांनी रोगट भागात भरमसाट तंतू काढले होते, आणि त्यांपैकी कित्येकींच्या पोटात चरबीचे थेंब साठले होते. हेही त्यांनी पुढच्या वर्षी छापलेल्या टिपणात लिहून ठेवले. पण रक्तवाहिन्यांभोवती बाहेरून आलेल्या पेशींची गर्दी मात्र त्यांना आढळली नाही, आणि दाहाची खूण म्हणजे ती गर्दी, अशी तेव्हाची समजूत होती. त्यामुळे तिसऱ्या गोष्टीकडे जवळजवळ ऐंशी वर्षे कोणी फारसे ढुंकून पाहिले नाही.

ग्लिया ह्या ग्रीक शब्दाचा अर्थच मुळी सरस किंवा डिंक. मज्जापेशी ह्या दरबारातले मानकरी आणि बाकीच्या पेशी म्हणजे त्यांच्यामधला डिंक, अशी त्या काळची वाटणी. ती मोडली स्पेनमधल्या एका अबोल माणसाने. पीओ देल रीओ-ओर्तेगा हे त्यांचे नाव. जन्म १८८२ चा, वायादोलीदजवळच्या पोर्तियो गावचा. माद्रिदमध्ये निकोलास आचूकारो ह्यांच्या हाताखाली त्यांनी उमेदवारी केली. हे आचूकारो खुद्द आल्त्सहायमर ह्यांचे शिष्य. पण १९१८ साली ऐन सदतिशीत वारले. त्याच सुमारास ओर्तेगा ह्यांनी चांदीच्या क्षाराने मेंदूचे काप रंगविण्याची एक नवी तऱ्हा बसविली आणि आजवर नुसता अंधुक ठिपका दिसे तेथे बारीक फांद्यांचे झुडूप दिसू लागले. १९१९ साली त्यांनी ह्या पेशींना ‘मायक्रोग्लिया’ असे नाव दिले. ह्या पेशी मेंदूच्या इतर पेशींच्या कुळातल्या नव्हेत, त्या बाहेरून येऊन मेंदूत वस्ती करतात. इजा होताच फांद्या आखडून गोल होतात, इजेच्या जागी जातात आणि मेलेले खाऊन टाकतात, हे सारे त्यांनी तेव्हाच लिहिले. संस्थानी शहरातल्या वाचकांना समजेल अशा भाषेत सांगावयाचे तर हे मेंदूचे कोतवाल.

आता गंमत पाहा. त्याच इमारतीत सान्तियागो रामोन इ काहाल हे स्पेनचे सर्वांत थोर शास्त्रज्ञ बसत. १९०६ चे नोबेल पारितोषिक मिळालेले हे गृहस्थ म्हणजे मज्जाशास्त्राचे भीष्माचार्यच. ज्या पेशी काहाल ह्यांना नीट रंगविता आल्या नव्हत्या आणि ज्यांना त्यांनी नुसते ‘तिसरे घटक’ म्हणून ठेवले होते, त्यांत दोन निरनिराळ्या जाती आहेत असे हा तरुण सांगू लागला. थोरामोठ्यांना असले बोल गोड लागत नाहीत. त्यातच प्रयोगशाळेतील कुरबुरी, चहाड्या. १९२० साली ओर्तेगा ह्यांना तेथून बाहेर पडावे लागले. संशोधकाच्या आयुष्यात सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसते ह्याइतकेच शेजारच्या खोलीत कोण बसले आहे ह्यालाही महत्त्व असते, ही गोष्ट पाठ्यपुस्तके सांगत नाहीत.

ओर्तेगा खचले नाहीत. माद्रिदमधल्याच एका विद्यार्थिगृहातील लहानशा प्रयोगशाळेत त्यांनी काम पुढे चालविले. १९२४ साली तेथे एक तरुण अमेरिकी शल्यवैद्य त्यांची रंगविण्याची हातोटी शिकावयास आला. पुढे कॅनडातल्या माँट्रियल येथे मेंदूच्या रोगांची विख्यात संस्था काढणारे वाइल्डर पेनफील्ड ते हेच. १९३६ साली स्पेनमध्ये यादवी पेटली आणि ओर्तेगा ह्यांच्या नशिबी वनवास आला. पॅरिस, ऑक्सफर्ड आणि शेवटी १९४० साली अर्जेंटिनातील ब्वेनोस आयरेस. १९४५ साली तेथेच, परमुलखात, त्यांनी देह ठेवला. नोबेलसाठी त्यांचे नाव दोनदा सुचविले गेले होते, ते काही मिळाले नाही. मायक्रोग्लिया बाहेरून येतात हे त्यांचे म्हणणे लोकांनी पुढे कित्येक दशके वादात ठेवले. २०१० साली उंदरांच्या गर्भावर प्रयोग करून फ्लोराँ जिनू, मिरियम मराद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले, की ह्या पेशी गर्भाच्या अगदी पहिल्या दिवसांत त्याबाहेरील पीतक-पिशवीत जन्मतात, तेथून मेंदूत येतात आणि जन्मभर तेथेच नांदतात. मूळ मुद्दा ओर्तेगांचा, तपशील नवा. मध्ये गेली एक्याण्णव वर्षे.

ओर्तेगांमागून ह्या पेशींची जवळजवळ विस्मृतीच झाली. मेंदू हा शरीराच्या शिपाईगिरीपासून अलिप्त आहे, तेथे प्रतिकारशक्तीचा व्यवहार चालत नाही, असे वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकवीत. ह्या समजुतीला खरा धक्का दिला तो कॅनडातील व्हँकूवरच्या एका नवराबायकोने.

पॅट्रिक मॅकगीअर ह्यांचे चरित्र कादंबरीकाराने लिहिले असते तर अतिशयोक्ती म्हणून सोडून द्यावे लागले असते. जन्म १९२७ चा. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये कॅनडाच्या संघातून बास्केटबॉल खेळले. प्रिन्स्टनला रसायनशास्त्राची डॉक्टरेट घेतली, ड्यू पाँ कंपनीत नोकरी धरली, आणि तेथेच त्यांना त्यांच्यासारख्याच रसायनशास्त्रातल्या पंडित असलेल्या एडिथबाई भेटल्या. बाई वयाने चार वर्षांनी वडील आणि संशोधनात त्यांच्याहून अनुभवी. १९५४ साली लग्न करून दोघे व्हँकूवरला आली. तेथे पॅट्रिकनी नव्याने वैद्यकी शिकून १९५८ साली पदवी घेतली. एवढ्यावर थांबतील तर ते कसले! १९६२ साली ते प्रांताच्या विधिमंडळात निवडून गेले, पक्षाचे नेते झाले, पुढे शिक्षणमंत्री झाले, आणि १९८६ पर्यंत राजकारणात राहिले. तरी प्रयोगशाळेशी त्यांचे नाते तुटले नाही, आणि ह्याचे श्रेय पुष्कळसे एडिथबाईंना दिले पाहिजे. नोबेलविजेते जॉन एक्लीस ह्यांच्यासह ह्या दांपत्याने १९७८ साली मेंदूच्या रसायनावर एक जाडजूड ग्रंथही लिहिला.

१९८७ साली मॅकगीअर मंडळींनी स्मृतिभ्रंशाने वारलेल्या माणसांचे मेंदू एका नव्या तऱ्हेने तपासले. प्रतिकारशक्तीच्या पेशी कामाला लागल्या की त्यांच्या अंगावर एक विशिष्ट प्रथिन चढते. कोतवालाने कामगिरीवर निघताना बिल्ला लावावा, तसे. ह्या बिल्ल्यालाच चिकटणारा रंग त्यांनी वापरला. पाहतात तो काय, किटाळांच्या भोवती बिल्लेवाल्या मायक्रोग्लियांचा वेढाच पडलेला! त्या वर्षी पॅट्रिक मॅकगीअर बरोबर साठ वर्षांचे होते. आपल्या म्हणीला ह्याहून नेमके उत्तर शोधून सापडणार नाही.

ह्याच सुमारास अमेरिकेत, अॅरिझोनातल्या सन सिटी ह्या गावी, जोसेफ रॉजर्स हेही तेच पाहत होते. हे गाव निवृत्त लोकांसाठीच वसविलेले. तेथील रहिवाशांनी मरणोत्तर आपला मेंदू संशोधनाला देण्याचे ठरविले आणि रॉजर्स ह्यांच्या संस्थेने मृत्यूनंतर काही तासांतच तो हाती यावा अशी व्यवस्था लावली. मेंदू जितका ताजा, तितके त्यातले चित्र खरे. पण विद्वानांचा शेरा ठरलेला होता. पेशी मेल्या की कोतवाल पंचनाम्याला येणारच. त्यांनाच खुनी कसे म्हणता? आक्षेप काही पोरकट नव्हता.

मॅकगीअरांनी उलट बाजूने विचार केला. दाह हे जर कारण असेल, तर जे लोक वर्षानुवर्षे दाहशामक औषधे घेतात त्यांना हा रोग कमी व्हावयास हवा. संधिवाताचे रोगी तर अशी औषधे मूठमूठभर घेतात. १९९० साली त्यांनी आणि रॉजर्सप्रभृतींनी दाखवून दिले, की संधिवाताच्या रोग्यांत स्मृतिभ्रंश अपेक्षेपेक्षा पुष्कळच कमी आढळतो. नंतर जपानमधील कुष्ठरोग्यांची पाहणी झाली. ज्यांना डॅप्सोनच्या जातीची औषधे सतत चालू होती त्यांच्यात स्मृतिभ्रंश कमी आढळला. ज्यांची औषधे बंद झाली होती त्यांच्यात जास्त. डॅप्सोन कुष्ठाच्या जंतूंना मारते, तसेच ते दाहही शमविते. १९९३ साली रॉजर्स ह्यांनी थोड्या रोग्यांना सहा महिने इंडोमेथासिन देऊन पाहिले. ज्यांनी ते शेवटपर्यंत घेतले त्यांची बुद्धी जागच्या जागी राहिली, नुसत्या पिठाच्या गोळ्या घेणाऱ्यांची ढासळली. पण औषध घेणाऱ्यांपैकी पाचांत एकाने पोटाच्या तक्रारींमुळे मध्येच सोडून दिले, ही गोष्टही रॉजर्स ह्यांनी नमूद केली.

ह्यापुढचा भाग दुःखाचा आहे. मोठ्या चाचण्या झाल्या. २००० साली प्रेडनिसोनची, २००३ साली नॅप्रोक्सेन व रोफेकॉक्सिबची. गुण आला नाही. मग म्हणू लागले, की रोग पक्का झाल्यावर औषध देऊन काय उपयोग? आधीच द्या. म्हणून २००१ साली डॉ. जॉन ब्राइटनर ह्यांच्या नेतृत्वाखाली सत्तरीपुढील अडीच हजारांहून अधिक धडधाकट माणसे निवडून नवी चाचणी सुरू झाली. ज्यांच्या आईबापांना किंवा भावंडांना हा रोग झालेला होता, अशीच ही माणसे. २००४ च्या डिसेंबरात हृदयविकाराच्या भीतीने औषधे थांबवावी लागली, आणि पुढे हिशेब मांडला तेव्हा औषधाने रोग टळल्याचे दिसले नाही. तेव्हा दुखण्यावरच्या गोळ्या स्मृती टिकविण्यासाठी म्हणून कोणी स्वतःच्या मनाने घेऊ नयेत, हे येथेच सांगून ठेवतो. संशोधकांच्या बाजूने पाहिले तर पंधरा वर्षांचा डाव असा उधळला. पुष्कळांनी विषय सोडला. आमच्या मते ह्या लोकांना अपयशी म्हणणे अन्यायाचे होईल. नेमके काय होत नाही हे पक्के कळणे ही देखील कमाईच असते; फक्त तिला पारितोषिके मिळत नाहीत आणि पुढल्या वर्षीचे अनुदानही मिळत नाही.

पारडे फिरले ते २०१२ च्या नोव्हेंबरात, आणि फिरविले ते जनुकशास्त्राने. रीटा गेरेरो ही पोर्तुगीज तरुणी लंडनला जॉन हार्डी ह्यांच्याकडे काम करीत होती. फिनलंड व जपानमध्ये प्रथम वर्णिलेला एक विरळा रोग आहे. त्यात ऐन तारुण्यात हाडे पोकळ होतात आणि बुद्धी जाते. तो ‘ट्रेम-दोन’ नावाच्या जनुकातील दोषाने होतो. हाडे धड असूनही स्मृतिभ्रंश झालेल्या काही तुर्की रोग्यांत तिला ह्याच जनुकात दोष आढळला. मग साध्या, म्हातारपणीच्या अल्झायमरमध्येही तो असेल काय? होता. त्याच जनुकातील एका विरळ्या बदलाने रोगाचा धोका सुमारे तिप्पट होतो असे दिसले; आणि आइसलंडमधील संशोधकांनी स्वतंत्रपणे तेच काढले. दोन्ही लेख एकाच वेळी प्रसिद्ध झाले. आता ट्रेम-दोन हे जनुक मेंदूत काम करते कोठे, तर मुख्यतः मायक्रोग्लियांत. माणूस जनुक घेऊनच जन्माला येतो, रोग सत्तर वर्षांनी होतो; तेव्हा कोतवाल नुसते पंचनाम्याला आलेले नसून गुन्ह्याच्या मुळाशी त्यांचा काही संबंध आहे, हे नाकारण्याची सोय उरली नाही.

पण येथे एक मेख आहे. ह्या बदलाने कोतवाल माजत नाहीत, ते ढिले पडतात! किटाळांभोवती वेढा घालण्याचे कामच त्यांच्या हातून नीट होत नाही. म्हणजे सगळ्या कोतवालांना दटावून गप्प बसविणे, जे त्या जुन्या गोळ्या करू पाहत होत्या, ते मुळातच धड नव्हते. कोतवाल हवेत, पण वेळेवर हवेत आणि ताब्यात हवेत. हे सांगणे सोपे. तशी औषधे बनविणे महाकठीण. ट्रेम-दोनला चेव आणणारे एक औषध काढून त्याची रोग्यांवर चाचणी झाली. २०२४ च्या नोव्हेंबरात तिचा निकाल लागला, तोही नकारार्थी.

कोतवाल ताब्याबाहेर गेले तर काय करतात, ह्याचा सर्वांत सुंदर शोध बोस्टनच्या बेथ स्टीव्हन्स ह्यांचा. १९९३ साली साधी पदवी घेऊन ही मुलगी वॉशिंग्टनकडे आली. सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेत अर्ज टाकीत राहिली आणि तोवर एका खानावळीत वाढपिणीचे काम केले. शेवटी तेथे प्रयोगशाळेत साधनिकेची जागा मिळाली. २००३ साली डॉक्टरेट, मग स्टॅनफर्डला बेन बॅरस ह्यांच्याकडे उमेदवारी. हे बॅरस मूळचे मेंदूरोगांचे वैद्य. रोगट मेंदूत ग्लिया पेशींचा बदललेला अवतार पाहून त्यांनी दवाखाना सोडून त्यांचाच अभ्यास धरला, आणि २०१७ साली मरेपर्यंत कितीतरी शिष्य तयार केले. बाळाच्या मेंदूत मज्जापेशींचे जोड गरजेपेक्षा फार जास्त असतात. माळ्याने झुडूप छाटावे तसे नको असलेले जोड पुढे खुडले जातात. ते खुडतात मायक्रोग्लिया, आणि कोणता जोड खुडावा ह्याची खूण म्हणून रक्तातल्या जंतूंवर शिक्का मारणारी जी प्रथिने, तीच तेथे वापरली जातात, हे स्टीव्हन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ व २०१२ साली दाखविले. २०१६ साली तर त्यांनी असे दाखविले, की अल्झायमरसारखा रोग जडविलेल्या उंदरांत किटाळे साचण्याच्या आधीच ही बालपणीची खुडणी पुन्हा सुरू होते. चांगले जोडही तोडले जातात. ती शिक्क्याची प्रथिने अडविली तर जोड वाचतात. उंदराचे जोड, हे लक्षात ठेवावे. उंदीर आजवर पुष्कळ वेळा बरे झाले आहेत.

ह्या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या तरुणाला पहिली अडचण काळाची. माणसात हा रोग विस्मरण दिसण्यापूर्वी पंधरावीस वर्षे मेंदूत मुरत असतो. संशोधकाची पाचसहा वर्षे डॉक्टरेटला, तितकीच पुढच्या उमेदवारीला, आणि अनुदान बहुधा तीन किंवा पाच वर्षांचे. प्रश्न वीस वर्षांचा, तनखा पाच वर्षांचा! जिवंत माणसाच्या मेंदूचा तुकडा काढून पाहता येत नाही, म्हणून दान मिळालेल्या मेंदूंवर मदार. आपल्याकडे बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत १९९५ पासून अशी मेंदूपेढी आहे. ज्यांनी मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र उभारले त्या डॉ. विजयालक्ष्मी रवींद्रनाथ ह्यांनी पुढे बंगळुरूच्या विज्ञान संस्थेच्या आवारात नवे केंद्र काढले आणि कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपूरच्या खेड्यांतून हजारो माणसांची वर्षानुवर्षे तपासणी करण्याचे काम हाती घेतले. शाळेची पायरी न चढलेल्या माणसाची स्मृती तपासावयाची तर परदेशी प्रश्नपत्रिका चालत नाहीत, तेथून सुरुवात.

घरात म्हातारे माणूस असेल त्यांनी ह्यातली एक गोष्ट ध्यानात ठेवावी. इंग्लंडातील साउदॅम्प्टनचे ह्यू पेरी पुष्कळ वर्षे सांगत आले, की मेंदूतले कोतवाल एकदा चिडून बसले, की शरीरात अन्यत्र झालेला दाहही त्यांना बिथरवितो. तेथीलच क्लाइव्ह होम्स व पेरी ह्यांनी अल्झायमरच्या ३०० रोग्यांवर सहा महिने नजर ठेवली. ह्या काळात ज्यांना छातीचा, लघवीचा असा काही दाह झाला त्यांची स्मृती इतरांच्या दुप्पट वेगाने ढासळली, असे २००९ साली त्यांनी छापले. लघवीच्या जळजळीकडे ‘म्हातारपणी असे चालायचेच’ म्हणून दुर्लक्ष करणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

शेवटी वेल्समधली एक हकिगत, कारण ती अगदी ताजी आहे. तेथे १ सप्टेंबर २०१३ पासून म्हाताऱ्यांना नागिणीची लस फुकट मिळू लागली. पण २ सप्टेंबर १९३३ ला वा त्यानंतर जन्मलेल्यांनाच. त्याआधीच्यांना जन्मात नाही. म्हणजे आठवड्याच्या फरकाने जन्मलेली दोन माणसे, खाणेपिणे, शिक्षण, पैसाअडका सारखा. एकाला लस, दुसऱ्याला नाही. कोणी मुद्दाम चाचणी आखली असती तरी ह्याहून चोख आखता आली नसती. स्टॅनफर्डच्या पास्काल गेल्डसेट्झर ह्यांच्या मंडळींनी सरकारी दप्तरे उलगडून हिशेब काढला आणि २०२५ च्या एप्रिलात प्रसिद्ध केला. लस घेतलेल्यांत पुढील सात वर्षांत स्मृतिभ्रंश सुमारे एक पंचमांशाने कमी. नागिणीचा विषाणू मज्जातंतूंत दडून बसतो हे जुनेच ज्ञान आहे. लसीने तो आवरला जातो म्हणून कोतवाल शांत राहतात, की लसीने एकूण प्रतिकारशक्तीलाच काही वळण लागते, ह्यावर आता निरनिराळ्या प्रयोगशाळांत तरुण मंडळी कामाला लागली आहेत. त्यांच्यातल्या कित्येकांची डॉक्टरेट अजून व्हावयाची आहे.